पारवा, बंदूक आणि परवाना

गेल्या वर्षी पावसाळा ओसरता ओसरता आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी घरी आला. घरची शेती चांगली, स्वभावाने गरीब. चहा झाल्यावर जरा घुटमळत म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. खळ्यावर पारवे अन् होले लई झाले. बंदूक घ्यायची म्हणतो. हलकी पाहिजे, अन् खिशाला झेपंल अशी. तुमच्या घरी होती म्हणून विचारतो, कोणती घेऊ?"

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सरळ उत्तर देता येत नाही, ही आमची खोड. पण हा प्रश्न तसा साधा नाही. हलकी आणि स्वस्त बंदूक माणसाच्या हाती येईपर्यंत काही शतके गेली, आणि ती हाती आल्यावर काय झाले ते आमच्या घरानेही पाहिले आहे.

तुकईथडपासून बऱ्हाणपूर फार दूर नाही. मोगलांच्या काळी दक्षिणेचा कारभार तेथून चाले. सर टॉमस रो हा इंग्रज वकील १६१५ साली तेथे शाहजादा परवेझला भेटला. तापीच्या पलीकडे जैनाबादला आहूखाना, म्हणजे शाही मृगवन होते. मुमताजमहलला १६३१ मध्ये प्रथम तेथेच दफन केले, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परवेझचा बाप जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात शिकारीचा हिशेबच मांडून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याने स्वतःच्या हाताने १७,१६७ जीव मारले. त्यांत पक्षी १३,९६४, आणि त्या पक्ष्यांत कबुतरे किती? १०,३४८! वाघ-सिंहांची कीर्ती गाणाऱ्या दरबारात सर्वांत मोठा आकडा बिचाऱ्या कबुतराचा निघावा, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण तो बादशहा होता. बंदूक वाहायला माणसे, दारू भरायला माणसे, सावज हाकायला माणसे. त्या काळची तोड्याची बंदूक लांब आणि जड; जळती वात कानावर लागली की बार उडायचा. सामान्य कुणब्याला ती परवडणारी नव्हती, आणि उडत्या पाखरावर तिचा नेम धरणे महाकठीण. पुढे चकमकीची बंदूक आली. तिच्यात आधी कानावरची दारू भडके आणि क्षणभराने बार होई. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्रीबुवांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. तो भडका पाहून पाखरे सावध होतात, म्हणून ते चिडले आणि ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याची युक्ती त्यांनी शोधली. १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक निघाली. म्हणजे जगभरच्या फौजांची हत्यारे बदलणाऱ्या शोधाच्या मुळाशी पाखरे निसटण्याचे दुःख होते!

नावाचा योगायोग पाहा. आपल्या निमाडचा जमीन-बंदोबस्त करणारा आणि सातपुड्याच्या रानावर ग्रंथ लिहिणारा इंग्रज अधिकारी जेम्स फोर्साइथ. त्याचा तो ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकार आणि बंदुका हे त्याच्या जिव्हाळ्याचे विषय. त्याच सुमारास मागून भरायची काडतुसी बंदूक साहेबलोकांच्या हाती रुळली. खेड्यांत मात्र ठासणीचीच राहिली. हिंदीत तिला भरमार म्हणतात, आपण ठासणीची म्हणतो.

कारण केवळ गरिबी नव्हते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला, आणि नियमांत युरोपियनांना सूट दिली. हा अपमान सुशिक्षितांना इतका झोंबला की राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात खेड्यातल्या माणसाची आठवण ठेवलेली दिसते. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी निदान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, या दोहोंसाठी परवान्याची वेगळी तरतूद तेथे आहे.

आमच्या आजोबांकडे अशीच ठासणीची बंदूक होती. दारू मोजायची, गजाने ठासायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, शेवटी टोपी. एका बाराला एवढा खटाटोप आणि दारूचा खर्च वेगळा. त्यामुळे आजोबा बार काढीत ते रानडुकरे हाकण्यासाठी, आणि तेही बहुधा नुसत्या दारूचे. पाखरांसाठी गोफण होती, मचाण होते, आम्ही पोरे होतो.

वडिलांना मात्र काडतुसी बंदुकीची हौस. त्यांनी कशी निवड केली ते मला नीट आठवते, कारण ती चर्चा आमच्या ओसरीवर महिनाभर चालली होती. बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअर, सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर, १५.६ मिलिमीटर. आकडा मोठा तशी नळी बारीक आणि बंदूक हलकी. मग हलकीच का घेऊ नये? तर हलकी बंदूक खांद्याला लाथ मारते. बर्मिंगहॅमचे बंदूककार ग्रीनर यांच्या नावावर एक ठोकताळा सांगितला जातो, की छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट बंदुकीचे वजन असावे. २८ ग्रॅम छर्ऱ्यांना सुमारे २.७ किलोची बंदूक, ३२ ग्रॅमला ३ किलोहून थोडी अधिक. शिवाय वीस बोअरची काडतुसे आपल्या बाजूला शोधत हिंडावी लागत, बाराची मिळत. दुनळी महाग आणि जड, एकनळी स्वस्त आणि सुटसुटीत. शेवटी वडिलांनी जुनी एकनळी बारा बोअर घेतली. शेतकऱ्याच्या दृष्टीने निवड अगदी शहाणपणाची होती.

आमच्या मळ्याच्या बांधावर उंबराचे एक जुने झाड होते. उंबरे पिकली की हरियाल यायचे. हिरवट पिवळा रंग, पाय हळदीसारखे पिवळे. पानांत बसले की दिसत नाहीत, उडाले की झाडच उडाल्यासारखे वाटे. १९८० च्या हिवाळ्यात वडिलांनी त्या झाडावर बार काढले. सहा नंबरच्या छर्ऱ्यांचे २८ ग्रॅमचे काडतूस म्हणजे एका बारात पावणेतीनशेच्या आसपास छर्रे. खाली पडलेली पाखरे वेचून आणायचे काम माझे. पहिल्या दिवशी मला मोठा आनंद झाला, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी त्यांतले एक माझ्या ओंजळीत जिवंत होते. आजोबा ओट्यावर बसले होते. ते एवढेच म्हणाले, "ठासणीची होती तेव्हा विचार करायला वेळ मिळायचा."

पुढल्या वर्षी उंबरे पिकली, पण हरियाल आले नाहीत.

आता इतिहासाचा शिक्षक म्हणून जे सांगायलाच हवे ते सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. म्हणजे वडिलांनी केले ते तेव्हाही बेकायदेशीर होते. लगतच्या मेळघाटात तोवर व्याघ्र प्रकल्प होऊन सहा-सात वर्षे झाली होती, तरी कायदा म्हणजे वाघापुरता अशीच आमच्याकडे समजूत होती. बंदुकीला परवाना आहे म्हणजे मारायलाही परवाना आहे, ही चूक आमच्या घरात शिकल्यासवरल्या माणसांनी केली. ती आजही अनेक घरांत होते, म्हणून घरची गोष्ट येथे छापायला देतो आहे.

पाखरे इतकी असतात, चार मारली तर काय झाले, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत प्रवासी कबुतरांचे थवे आकाश झाकीत. रेल्वे आणि तार आली, थव्यांची बातमी गावोगाव पोहोचू लागली, जाळी आणि बंदुका सज्ज झाल्या. त्या जातीचे शेवटचे कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. नवल असे की त्याच सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोस्की या गृहस्थाने १८८० मध्ये जिवंत कबुतराऐवजी नेम धरण्यासाठी मातीची तबकडी काढली होती. आज ऑलिंपिकमध्ये २४ ग्रॅम छर्ऱ्यांनी फोडतात ती १०५ ग्रॅमची तबकडी तिचीच वंशज. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला अशाच तबकड्या फोडून रौप्यपदक आणले.

आणखी एक नोंद सांगून आटोपतो. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर अवध्य प्राण्यांची यादी स्तंभांवर कोरविली. तीत पांढरे कबूतर आहे आणि 'ग्रामकपोत', म्हणजे गावातले कबूतरही आहे. १९७२ च्या कायद्याच्या यादीत कपोतकुळाला संरक्षण होते, पण पारवा तेवढा वगळलेला होता. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि नव्या यादीत पारवाही आला. अशोकाने गावच्या पाखराला दिलेली जागा त्याला परत मिळायला साडेबावीस शतकांहून अधिक काळ लागला.

हे सगळे त्या विद्यार्थ्याला सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पण सर, दाणा तर जातोच ना?" त्याचे म्हणणे खोटे नाही. मळणीनंतर धान्य उघड्यावर ठेवू नये, खळ्यावर जाळे टाकावे, पेरणीनंतर चार दिवस राखण करावी, हे उपाय बंदुकीपेक्षा स्वस्त आहेत आणि बंदुकीहून हलकेही. नेमबाजीची हौसच असेल तर भोपाळला राज्याची अकादमी आहे; शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्यप्रतापसिंह तोमर तेथेच शिकून रायफल घेऊन ऑलिंपिकपर्यंत गेला.

"अन् तुमची बंदूक, सर?" त्याने जाताना विचारले.

वडील गेल्यावर परवाना माझ्या नावे करून घेता आला असता. मी बंदूक रीतसर जमा केली आणि अर्ज केला नाही. निवडणूक आली की ती ठाण्यात नेऊन द्यायची यातायात वाचली, असे लोकांना सांगतो. खरे कारण त्या ओंजळीतले पाखरू. पूर्वी बंदुकीचे वजन आणि दारूची किंमत आमचा हात आवरीत असे. दोन्ही उतरली तेव्हा कायदा आला. तो पाळायचा तर मन लागते.

उंबर अजून उभा आहे. दोन हिवाळ्यांमागे सकाळी त्यावर पाने हलताना दिसली. मोजले, सात हरियाल होते.