लाकडाला वारा लागतो

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धनजवळच्या आमच्या वाडीतला फणस त्या दुपारी मुळासकट आडवा झाला. आजीच्या सासऱ्यांनी लावलेलं झाड. पावसाळाभर ते तसंच पडून होतं. दिवाळीनंतर चेनसॉवाल्याला बोलावून आम्ही वाडीतच त्याच्या दीड इंची फळ्या पाडून घेतल्या. आतून हळदीसारखं पिवळंधमक लाकूड निघालं. आजीला त्याचा झोपाळा हवा होता.

माझं ऑफिस घरूनच चालू होतं, त्यामुळे फळ्या वाळवायचं काम मी अंगावर घेतलं. हिशेब सोपा होता. आमसुलं उन्हात वाळतात, कपडे उन्हात वाळतात, मग फळ्याही वाळतील. अंगणात भर उन्हात मांडून टाकल्या. चार दिवसांत टोकांना केसाएवढ्या चिरा दिसल्या. पंधरवड्यात त्या चिरांमध्ये नाणं जाऊ लागलं. काही फळ्या पन्हळासारख्या वळल्या. एकीला तर असा पीळ बसला की कुठेही ठेवली तरी तिचा एक कोपरा हवेतच. सुतारकाका आले, एक फळी उचलून तिच्या कडेवरून नजर लावली आणि म्हणाले, "अरे, लाकडाला ऊन कसलं दाखवतोस? लाकडाला वारा लागतो."

झोपाळ्यापुरत्या फळ्या आता उरल्या नव्हत्या. आजी काही बोलली नाही, त्यामुळे जास्तच लागलं. आपलं नक्की काय चुकलं हे शोधायला मी वाचत सुटलो, आणि वाचता वाचता दोनशे वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश आरमारापर्यंत पोचलो. त्यांनाही लाकूड वाळायला थांबवत नव्हतं.

आधी लाकडाचं गणित. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी आधी जातं, तेव्हा लाकूड हलकं होतं पण आकसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांवर आला की भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि तिथून खरी गडबड सुरू होते. लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीच्या दिशेने. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून फळी पन्हळासारखी वळते. शिवाय टोकाकडून पाणी फार लवकर निघतं, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. टोक वाळून आकसू बघतं, मधला ओला भाग त्याला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत टोक फाटतं. उन्हात हेच पृष्ठभागावरही होतं. म्हणजे माझ्या फळ्या वाळल्या नाहीत म्हणून फुटल्या नव्हत्या. त्या एका बाजूने फार लवकर वाळल्या होत्या.

उलट बाजूलाही धोका आहेच. ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला आणि हवा कोंडली, की बुरशी लाकूड खायला घेते. ब्रिटिशांना नडली ती ही बाजू.

लंडनजवळच्या चॅटम गोदीत १७५९ साली एचएमएस व्हिक्टरी बांधायला घेतली. तेव्हा सात वर्षांचं युद्ध चालू होतं. पण लवकरच युद्धाचा भर ओसरला, जहाजाची निकड राहिली नाही आणि ओकचा नुसता सांगाडा सुमारे तीन वर्षं हवेवर उभा राहिला. एरवी त्याला काही महिनेच मिळत. १७६५ मध्ये व्हिक्टरी पाण्यात उतरली. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत चाळीस वर्षांचं हे जहाज नेल्सनचं मुख्य जहाज होतं. आजही ते पोर्ट्समथला उभं आहे. त्याच्या दीर्घायुष्याचं श्रेय बरेच जण त्या लांबलेल्या वाळवणीला देतात. ती कोणी ठरवून केलेली नव्हती. शांतता झाली म्हणून वेळ मिळाला.

नेपोलियनशी युद्ध पेटलं तेव्हा वेळही नव्हता आणि ओकही संपत आला होता. जहाजं कच्च्या लाकडाची बांधली जाऊ लागली. एचएमएस क्वीन शार्लट हे शंभराहून अधिक तोफांचं प्रचंड जहाज १८१० मध्ये डेप्टफर्डला पाण्यात उतरलं. पुढच्याच वर्षी तपासणी झाली तर वरचं लाकूडकाम कुजलेलं. एकही लढाई न पाहता ते जहाज दुरुस्तीला गेलं. डेडलाइन पाळली गेली होती, फक्त लाकडाला ती कोणी विचारली नव्हती.

या कोंडीतून त्यांनी मुंबईकडे पाहिलं. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी १७३० च्या दशकात इथे गोदीचं काम हाती घेतलं होतं आणि त्यांच्या घराण्यात ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली १८१० मध्ये मिंडन हे सागवानी युद्धजहाज बांधून झालं. १२ ऑक्टोबर १८१७ ला ट्रिंकोमाली पाण्यात उतरलं. त्याचे नकाशे पहिल्यांदा पाठवले तेव्हा ते नेणारं जावा हे जहाज अमेरिकनांनी पकडलं होतं, म्हणून ते दुसऱ्यांदा पाठवावे लागले. पारशी रिवाजाप्रमाणे ट्रिंकोमालीच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. हे जहाज आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगतं आहे. मुंबईत घडलेलं लाकूड, दोनशेहून अधिक वर्षं पाण्यावर.

सागात नैसर्गिक तेल असतं, तो ओकपेक्षा कमी आकसतो आणि ओकमधल्या आम्लासारखं लोखंडी खिळ्यांना खात नाही. पण फक्त जात चांगली असून भागत नाही. ताजा साग इतका जड असतो की तो पाण्यात बुडतो. त्यावर ब्रह्मदेशाच्या जंगलांत रूढ असलेला उपाय असा: झाड तोडायच्या आधी दोन-तीन वर्षं बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड गाभ्यापर्यंत गोल कापायचं आणि झाड उभंच मरू द्यायचं. जंगलाच्या सावलीत, साल अंगावर असताना, ते उभ्या उभ्या सावकाश वाळतं. मग तोडायचं, हत्तींनी ओढ्यापर्यंत आणायचं, आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते तरंगत खाली येतं. वाळवण आणि वाहतूक दोन्ही एकाच युक्तीत.

इथवर वाचताना मी खूश होतो. इंग्रजांची घाई आणि आपला संयम, अशी छान गोष्ट तयार होत होती. पण ट्रिंकोमालीचा साग मलबारचा, आणि मलबारची गोष्ट इतकी छान नाही. १८०६ मध्ये कंपनीने तिथे कॅप्टन वॉटसनला जंगलांचा कॉन्झर्वेटर नेमलं. काम आरमारासाठी साग मिळवण्याचं. सागावर कंपनीने आपला हक्क सांगितला, जमीनमालक आणि जंगलावर जगणारे लोक आपल्याच झाडांना परके झाले. तक्रारी इतक्या वाढल्या की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रोने ते पदच रद्द केलं. तोवर मोठाले साग गेले होते. १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोलीला निलांबूरला साग नव्याने लावावा लागला आणि ते काम चातू मेननांनी करून दाखवलं. त्या लागवडीतले वृक्ष आजही बघायला मिळतात.

याच्या शंभर वर्षं आधीचं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवतं. आरमाराला लाकूड लागतंच, हे त्यात मान्य आहे. पण आंबा-फणस ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू देऊ नये, असं त्यात बजावलं आहे. अगदीच जीर्ण झालेलं झाड हवं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. जहाजाला लागणारा वेळ कोणाच्या तरी वाडीतून येतो, हे त्या लिहिणाऱ्याला कळत होतं.

आमच्या फणसाच्या सात फळ्या शाबूत होत्या. या वेळी सुतारकाका म्हणतील तसं केलं. टोकांना ऑइल पेंटचे दोन हात दिले. मागच्या पडवीत, जिथे ऊन येत नाही पण आरपार वारा आहे, जमिनीपासून फूटभर उंच चिऱ्यांवर पहिली फळी ठेवली. दोन फळ्यांमध्ये दीड-दीड फुटावर कौलांच्या जुन्या कोरड्या रिपा, सगळ्या एकाच जाडीच्या आणि खालपासून वरपर्यंत एका ओळीत. रीप ओळ सोडून बसली तर फळी तिथेच वाकते. वर वजनाला जांभ्याचे चिरे. दर महिन्याला सगळ्यात वरची फळी काट्याला लावून वजन लिहून ठेवलं.

इंचाला एक वर्ष, हा जुना ठोकताळा. कोकणात त्याला पावसाळाही मोजावा लागतो. हवेतली आर्द्रता ९० टक्के असेल तर लाकूड वीसेक टक्के ओलाव्यावरच थांबतं. ७० टक्क्यांना सुमारे १३ वर, आणि ३० टक्क्यांच्या कोरड्या उन्हाळ्यात ६ वर. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये फळीचं वजन चक्क वाढलं. आधी घाबरलो, मग नोंदवून ठेवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात काटा दोन महिने एकाच आकड्यावर राहिला, तेव्हा काकांनी रंधा काढला.

सात फळ्यांत झोपाळा झाला नाही, ओटीवरचा बाक झाला. आजी संध्याकाळी त्यावर बसते. जहाजांच्या इतिहासात ती पाण्यात कधी उतरली याची तारीख हमखास सापडते, पण त्यांचं लाकूड कधी वाळत घातलं याची मला एकाही जहाजाची सापडली नाही. बाकाच्या खालच्या बाजूला मी कोळशाने दोन तारखा लिहिल्या आहेत. झाड पडलं ती, आणि रिपांवर पहिली फळी ठेवली ती.