पाहुणा निघून गेल्यावर



शाळेच्या शेवटच्या वर्गांतील मुलांपुढें एखाद्या अनुभवी गृहस्थास बोलावून त्याचें भाषण करवावें, ही चाल आपल्या चांगल्या परिचयाची आहे. कधीं वकील येतात, कधीं डॉक्टर, कधीं कारखानदार. हार घातला जातो, भाषण होतें, आभार मानले जातात आणि मुलें घरोघर जातात. त्या तासाभरानें मुलांच्या पुढील आयुष्यांत कांहीं फरक पडला काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु अमेरिकेंतील बोस्टन शहरीं अशाच एका भाषणांतून एक मोठें कार्य उभें राहिलें. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

बोस्टनच्या उत्तर भागांत त्या काळीं इटलींतून व पूर्व युरोपांतून आलेल्या गरीब कुटुंबांची दाट वस्ती होती. मुलगा १४ वर्षांचा झाला कीं शाळेची सक्ती संपे, आणि जें दार प्रथम उघडें दिसेल त्या दारानें तो कामावर जाई. आपल्या अंगीं काय आहे आणि जगांत कोणकोणतीं कामें आहेत, या दोन्ही गोष्टींविषयीं तो सारखाच अजाण असे. या वस्तींत १९०१ सालीं ‘सिव्हिक सर्व्हिस हाउस’ नांवाची सेवासंस्था निघाली. तेथें दिवसा राबणाऱ्यांसाठीं वर्ग चालत. फ्रॅंक पार्सन्स या प्राध्यापकाचा या कामांत मोठा हात होता.

पार्सन्सचें स्वतःचें आयुष्यच एक धडा होता. जन्म १८५४ सालचा. शिक्षण घेतलें एंजिनियरीचें. पण १८७३ च्या आर्थिक संकटांत त्याची रेल्वे कंपनी बुडाली. मग लोखंडाच्या कारखान्यांत मजुरी केली, शाळेंत शिकविलें, कायद्याचा अभ्यास केला, आणि त्या श्रमानें प्रकृति ढासळली. पुढें तो कायद्याचा अध्यापक व ग्रंथकार झाला. योग्य वाट सांपडण्यापूर्वीं किती वर्षें वायां जातात, हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

१९०६ सालीं बोस्टनच्या इकॉनॉमिक क्लबांत त्यानें आदर्श नगराविषयीं भाषण केलें. तरुणांना व्यवसाय निवडतांना जाणत्या माणसाचा सल्ला मिळाला पाहिजे, असें त्यांत त्यानें आग्रहानें सांगितलें. तें ऐकून एका रात्रीच्या हायस्कुलांतून शिक्षण पुरें करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपुढें बोलण्यास त्याला पाचारण झालें. नंतर जें घडलें तेंच महत्त्वाचें. ‘आम्हांला एकट्याला भेटावयाचें आहे’, असें त्यांतले कित्येक विद्यार्थी म्हणूं लागले. भाषणानें प्रश्न जागा केला होता. त्याचें उत्तर मात्र प्रत्येकाचें निराळें होतें.

ही गरज ओळखून श्रीमती पॉलीन अगासिझ शॉ यांच्या द्रव्यसाहाय्यानें जानेवारी १९०८ मध्यें ‘व्होकेशन ब्यूरो’ सुरू झाला. पहिल्या चार महिन्यांत ८० स्त्रीपुरुष सल्ल्यास आले. त्यांत १५ वर्षांचा मुलगा होता, तसा ७२ वर्षांचा वृद्धहि होता! पार्सन्स प्रत्येकाला शंभरांवर प्रश्न विचारी. वाचन काय करतां, हस्तांदोलन कसें करतां, सहज हंसतां येतें काय, असे तेहि प्रश्न असत. डोक्याच्या ठेवणीवरून तो कांहीं अनुमानें काढी, तीं पुढें शास्त्रास मान्य झालीं नाहींत. परंतु स्वतःला ओळखा, कामें ओळखा आणि दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला, ही त्याची त्रिसूत्री टिकली. तें सप्टेंबर १९०८ मध्यें तो वारला, आणि त्याचें ‘चूझिंग अ व्होकेशन’ हें पुस्तक १९०९ सालीं, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें.

तथापि काम थांबलें नाहीं. बोस्टनच्या शाळांतून ११७ शिक्षक या सल्लागारीसाठीं नेमले गेले. त्यांच्या सभांतून जोड्यांचे कारखाने, मोठीं दुकानें इत्यादि धंद्यांवर व्याख्यानें होऊं लागलीं. येथें एक शहाणपणाची गोष्ट दिसते. पाहुण्याचें ज्ञान आधीं शिक्षकाच्या हातीं आलें. कारण पाहुणा एक दिवसाचा, शिक्षक वर्षभराचा.

आपल्याकडे मुंबईस पारशी पंचायतीनें १९४७ सालीं अशा सल्ल्याचें केंद्र काढलें, आणि १९५० मध्यें मुंबई सरकारनेंहि तसें खातें उघडलें. पण प्रत्येक गांवीं केंद्र असणें शक्य नाहीं. पाहुणा मात्र कोणत्याहि गांवीं येऊं शकतो. त्यानें केवळ आपल्या यशाची कथा सांगूं नये. आपल्या धंद्यांत पहिल्या वर्षीं पगार किती मिळतो, पाय कसे दुखतात, मन कोठें कंटाळतें आणि आनंद कोठें होतो, हेंहि सांगावें. आणि शाळेनें आभारप्रदर्शन आटोपल्यावर दिवे लगेच मालवूं नयेत. एखादा मुलगा दाराशीं घुटमळत असेल. त्याला एकट्यालाच कांहीं विचारावयाचें असेल. त्याच्याजवळ बसण्यास एक तरी शिक्षक मागें राहिला पाहिजे.