अंग बाहेर येणे (योनिभ्रंश)

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व बंध सैल पडून गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनिमार्गात उतरणे. बोलीत ‘मायांग बाहेर येणे’ असेही म्हणतात. अनेक बाळंतपणे, अडलेली प्रसूती, वाढते वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि जड ओझी ही प्रमुख कारणे.

प्रमाण किती, हे मोजण्याच्या पद्धतीवर ठरते. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ‘खाली काही उतरल्यासारखे वाटते’ असे सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे 3 टक्के होत्या. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात वयस्क स्त्रियांना तपासले, तेव्हा गर्भाशय असलेल्यांपैकी 41 टक्क्यांत कमीअधिक भ्रंश आढळला. अर्थात सौम्य भ्रंश बाईला जाणवतही नाही.

आपल्याकडे न सांगण्याचे कारण बहुधा लाज. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या (द लॅन्सेट, 1989). 92 टक्क्यांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या 8 टक्के. 92 टक्के हा आकडा सर्व स्त्रीरोगांचा, एकट्या भ्रंशाचा नव्हे. भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या धानपट्ट्यात रोवणीला चिखलात दिवसभर वाकावे लागते, वर डोक्यावर मोळी. भ्रंशाचा जडपणा संध्याकाळी वाढतो, आडवे झाल्यावर ओसरतो. म्हणून दुखणे अंगावरच निघते.

सौम्य अवस्थेत ओटीपोटाचे व्यायाम, पुढे योनीत बसवायची आधाराची रिंग, नाहीतर शस्त्रक्रिया. गर्भाशय न काढता पट्टीने वर टांगण्याच्या पद्धतींत मुंबईच्या शिरोडकर व पुरंदरे यांची नावे रूढ आहेत.