डबी बंद असावी की उघडी? : काँटॅक्ट लेन्सच्या घराचा इतिहास



स्मृतिव्याख्यानासाठी राजवटींचा अथवा चळवळींचा इतिहास निवडण्याची रीत आहे. आज मात्र मुठीत मावेल अशा एका वस्तूचा इतिहास आपणांपुढे ठेवण्याचे मी योजिले आहे. ती वस्तू म्हणजे काँटॅक्ट लेन्स ठेवण्याची डबी. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुळगावाबाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी काहींच्या पिशवीत ती असते. तिची किंमत अल्प, पण तिच्या रचनेत राहिलेल्या उणिवेची किंमत काहींना दृष्टी देऊन चुकवावी लागली आहे. म्हणून तिचा इतिहास जाणून घेणे अगत्याचे आहे.

दृष्टिसाहाय्याच्या साधनांशी आपल्या प्रदेशाचा संबंध जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर, मूळचे देवरुखचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा साक्षेपाने शोध घेतला. विजयनगरचे व्यासराय 1520 च्या सुमारास चष्मा लावून ग्रंथ वाचीत, हा सोमनाथकृत चरित्रातील उल्लेख त्यांनी पुढे आणला. गोवा 1510 साली पोर्तुगीजांच्या हाती गेला होता आणि विजयनगरशी त्यांचे दळणवळण होते. तेव्हा ते उपनेत्र पोर्तुगीजांकडून आले असावे, हे अनुमान सयुक्तिक वाटते. पुढे चष्मा घरोघरी रुळला. चाळिशीच्या वयात लागतो म्हणून त्याला ‘चाळिशी’ म्हणू लागले आणि तो ठेवण्याच्या पेटीला ‘घर’. चष्म्याच्या घराचे काम सोपे होते. काचेला ओरखडा पडू नये आणि काडी मोडू नये, एवढे पाहिले की झाले.

भिंग डोळ्यावरच बसवण्याची कल्पना प्रत्यक्षात आली ती 1888 साली. झुरिच येथे आडोल्फ ओइगेन फिक यांनी फुंकलेल्या काचेची कवचे तयार केली. ती प्रथम सशांच्या व नंतर स्वतःच्या डोळ्यांवर बसवून त्यांनी परीक्षा केली. कवच आणि बुबुळ यांच्यामधील जागा ते द्राक्षशर्करेच्या सौम्य द्रावणाने भरीत. असे भिंग दोनेक तासांपलीकडे सोसवत नसे. 1948 साली अमेरिकेत केव्हिन टूही यांनी फक्त बुबुळापुरते प्लॅस्टिकचे लहान भिंग तयार केले. हे कठीण प्लॅस्टिक आणि काच, दोन्ही पदार्थ पाणी जवळजवळ शोषीत नाहीत. कोरडे ठेविले तरी त्यांचा आकार टिकतो. साहजिकच त्यांची डबी ही चष्म्याच्या घराचीच धाकटी बहीण होती. उजव्या-डाव्याची अदलाबदल होऊ नये म्हणून दोन कप्पे आणि झाकणांवर हाताला जाणवेल अशी खूण, एवढेच काय ते तिचे वैशिष्ट्य.

ही स्थिती पालटली प्रागमध्ये. ऑट्टो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लीम या रसायनशास्त्रज्ञांनी पाणी धरून ठेवणारे मऊ बहुवारिक शोधिले होते. राजकीय कारणांवरून 1958 मध्ये विख्तर्ले यांना अध्यापनातून दूर केले गेले. तरीही 1961 च्या नाताळात त्यांनी घरातील टेबलावर, मुलांच्या खेळण्यातील धातूचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र उभारले आणि फिरत्या साच्यात पहिली मऊ भिंगे ओतली. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला, त्याला तेव्हा आठवडाही लोटला नव्हता. इकडे आपण नव्या पर्वाचा आरंभ करीत असताना तिकडे एका स्वयंपाकघरात नेत्रशास्त्राचे नवे पर्व सुरू होत होते.

अमेरिकेत 1971 साली मान्यता मिळालेल्या मऊ भिंगात सुमारे 38 टक्के पाणी होते. असे भिंग वाळले की सुकल्या पानासारखे ठिसूळ होते. त्यामुळे डबीत द्रव भरणे अपरिहार्य ठरले आणि येथेच रचनेचा खरा पेच उत्पन्न झाला. जे पाणी भिंगाला जगविते, तेच सूक्ष्म जीवांनाही जगविते. डबी आता निव्वळ घर राहिली नाही, ती जलाशय झाली.

या पेचावर पहिला उपाय उष्णतेचा. मिठाच्या पाण्यात भिंगे घालून डबी विजेच्या लहान उपकरणात रोज तापवावयाची. म्हणून ती उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकची असे. खर्च वाचावा म्हणून पुष्कळ जण मिठाच्या गोळ्या विरघळवून घरीच द्रावण करीत. 1980 च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत अकँथअमीबा नामक सूक्ष्म जीवाच्या संसर्गाने बुबुळाला व्रण पडल्याचे रुग्ण वाढू लागले, तेव्हा तपासात अशा घरगुती द्रावणाकडे बोट दाखविले गेले. हा जीव माती, तळी, विहिरी आणि नळाचे पाणी अशा सर्वत्र आढळतो. प्रतिकूल परिस्थितीत तो कठीण कवच धारण करून तग धरतो. त्याची व्याधी अतिशय वेदनादायक व चिवट असते. पेडण्यातील आगरवाड्याचे मीठ आणि आपल्या विहिरीचे पाणी जेवणात कितीही गोड लागो, त्यांपासून लेन्सचे द्रावण होत नाही, हा याचा आपल्यापुरता अर्थ.

दुसरा उपाय हायड्रोजन पेरॉक्साइडचा. येथे डबीची रचना सर्वाधिक कल्पक झाली. तीन टक्के पेरॉक्साइड जंतू मारते, पण तसेच डोळ्यात गेले तर आग करते. म्हणून उभ्या, नळकांड्यासारख्या डबीच्या तळाशी प्लॅटिनमचा लेप दिलेली चकती बसविली. तिच्या सान्निध्यात सुमारे सहा तासांत पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन होतो. वायू बाहेर पडावा म्हणून झाकणाला वाट ठेविलेली असते. ही डबी आडवी पडता कामा नये, तेव्हा प्रवासात तिची अडचणच. तिसरा उपाय बहुउपयोगी द्रावणाचा. धुणे, निर्जंतुक करणे आणि साठविणे ही तिन्ही कामे एकाच बाटलीने होऊ लागली आणि फिरकीच्या झाकणांची चपटी, खिशात मावणारी डबी सर्वत्र पसरली.

सोय वाढली की दक्षता ढिली पडते. 2005-06 मध्ये फ्युझेरियम नामक बुरशीने बुबुळाच्या संसर्गाची साथ आली. एकट्या अमेरिकेत 164 रुग्ण निश्चित झाले. एका नामांकित कंपनीने आपले द्रावण 2006 च्या मे महिन्यात जगभरातून मागे घेतले. शिळ्या द्रावणातच नवे ओतण्याची सवयही या संदर्भात चर्चेत आली. आपल्या स्वयंपाकघरात कालचे ताक आजच्या विरजणाला लावतात, ते गुणकारी असते. डबीत मात्र कालचे द्रावण आजच्या द्रावणाची शक्ती क्षीण करते. डबीच्या आतील पृष्ठभागावर जीवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि त्या आवरणाखाली ते औषधालाही दाद देत नाहीत. दर तीन महिन्यांनी डबी बदलावी, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी.

आता प्रवासी डबीच्या रचनेतील मूळ विसंगती लक्षात येईल. प्रवासासाठी ती लहान आणि घट्ट बंद हवी, थेंबही गळता कामा नये. आरोग्यासाठी मात्र भिंगे काढल्यावर ती रिकामी, पुसलेली, उपडी आणि वाऱ्याला उघडी हवी. ज्या आट्यांमुळे झाकण घट्ट बसते, त्याच आट्यांत ओल दडून राहते. चांदीचा अंश मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या डब्याही निघाल्या. 1990 च्या दशकाच्या मध्यापासून रोज नवी वापरून टाकण्याची भिंगे आली, त्यांनी डबीची गरजच मिटविली. पण दररोज नवी जोडी घेणे प्रत्येकाला परवडत नाही. विसंगती पूर्णपणे सुटलेली नाही आणि माझ्या मते केवळ रचनेने ती सुटणारही नाही. तिचा अर्धा भाग वापरणाऱ्याच्या हातात आहे.

हे आपल्या भागास विशेष लागू पडते. आषाढ-श्रावणात येथे दोरीवरचे कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत, तेथे न्हाणीघराच्या फळीवरची डबी काय वाळणार? खाणपट्ट्यातील तांबडी धूळ लेन्सवाल्यांच्या डोळ्यांस आधीच जाचक; ती धुण्यासाठी नळाखाली लेन्स धरण्याचा मोह होतो. युरोप-अमेरिकेतल्या हवामानात आखलेल्या या वस्तूला मुळगावचा पाऊस कोणी विचारला नव्हता. तो प्रश्न विचारण्याचे काम आपल्याच विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे हाती घ्यावे. दमट हवेत लवकर वाळेल, आट्यांत ओल धरणार नाही, आणि तीन महिने झाल्याचे स्वतःच दर्शवील अशी स्वस्त डबी हा विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला शोभेलसा विषय आहे.

तोपर्यंत नियम थोडे आणि स्पष्ट आहेत. हात धुऊन कोरडे करावेत. रोज ताजे द्रावण घ्यावे. डबीला पाणी लावू नये. ती पुसून, स्वच्छ कागदावर न्हाणीघराबाहेर उपडी ठेवावी. डोळा लाल होऊन दुखू लागला तर लेन्स तत्काळ काढून डॉक्टरांकडे जावे. पाचशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर चाळिशी आली, तेव्हा तिने वृद्ध ग्रंथकारांना पुन्हा अक्षरे दाखविली. आज तरुणांच्या डोळ्यांवरील हे नाजूक भिंग ज्या घरात रात्र काढते, ते घर निर्मळ ठेवणे हे त्या अक्षरांशी इमान राखणेच होय.