बुटातले काळे दाणे

सिॲटलच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाकीच्या मंडळींसाठी: इथे ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाऊस असतो. मुंबईसारखा धो धो नाही, नुसती पिरपिर. अशा हवेत खऱ्या गवताचं मैदान म्हणजे चिखल. त्यामुळे शनिवारी सकाळी फुटबॉल खेळायचा तर कृत्रिम गवतावरच. आमची टोळीही (सगळे कीबोर्ड बडवणारे, विसाव्या मिनिटाला धापा टाकणारे) तिथेच खेळते. घरी येऊन बूट उपडे केले की मूठभर काळे दाणे पडतात. मोज्यांत, कानांत, वॉशिंग मशीनमध्येसुद्धा. जुन्या टायरांचा चुरा आहे एवढं माहीत होतं. मध्यंतरी त्याचा इतिहास वाचायला घेतला आणि दोन वीकेंड त्यातच गेले.

सुरुवातीला दाणे नव्हतेच. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम १९६५ साली उघडलं. त्याच्या छताला पारदर्शक पत्रे होते. त्यातून येणाऱ्या उन्हामुळे खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून पत्रे रंगवले, तर खालचं गवत मेलं! मग १९६६ मध्ये मॉन्सँटो कंपनीचं नायलॉनचं गवत अंथरलं, तेच ॲस्ट्रोटर्फ. (एक बग काढताना दुसरा घुसला आणि त्यावर ठिगळ. ओळखीचं वाटतंय ना?) इंग्लंडमध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने १९८१ साली प्लॅस्टिकचं मैदान केलं. चेंडू वाट्टेल तसा उसळायचा आणि घसरून टॅकल केलं की मांडीची सालटी निघायची. १९८८ मध्ये त्यांनी ते उखडून टाकलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुढची पिढी आली. लांब, मऊ पाती आणि त्यांच्यामध्ये वाळू व रबराचे दाणे. दाण्यांमुळे पाती उभी राहतात, चेंडू बरा वागतो, पडलं तरी फारसं लागत नाही. कल्पना खरोखरच हुशारीची. २००४ मध्ये फुटबॉलच्या नियमांतच कृत्रिम मैदानाला जागा मिळाली.

आता रबर टायरचंच का? कारण टायरांचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. पुरले तर ते हळूहळू वर येतात. साठवले तर पेटतात. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात वेस्टली इथल्या टायरांच्या डोंगरावर वीज पडली आणि तो महिनाभर जळत होता. युरोपने २००३ पासून अख्खे आणि २००६ पासून तुकडे केलेले टायर पुरायला बंदी घातली. एका पूर्ण मैदानाला मात्र शंभर-सव्वाशे टन दाणे लागतात, म्हणजे अंदाजे २०,००० टायर. कचरा संपला, मैदान झालं, मुलं पावसातही खेळू लागली. यात कुणाचा दुष्ट हेतू वगैरे मला तरी दिसत नाही. पण फिफाच्या मैदान-चाचण्या प्रामुख्याने चेंडू किती उसळतो, किती घरंगळतो, धक्का किती शोषला जातो यांच्या होत्या. दाण्यात काय आहे हा प्रश्न मागाहून आला.

आणि तो विचारला आमच्या गावातल्या एका बाईंनी. एमी ग्रिफिन या तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या महिला संघाच्या सहप्रशिक्षक होत्या, स्वतः गोलकीपर राहिलेल्या. २००९ मध्ये त्या केमोथेरपी चालू असलेल्या एका खेळाडूला भेटायला गेल्या. तिथल्या नर्सच्या बोलण्यात आलं की या आठवड्यात ही चौथी गोलकीपर. ग्रिफिनबाई यादी करू लागल्या. एनबीसीने ऑक्टोबर २०१४ मध्ये बातमी दिली तेव्हा यादीत ३८ खेळाडू होते, त्यातले ३४ गोलकीपर. गोलकीपरच का, तर तो सतत जमिनीवर झेपावतो. दाणे तोंडात, डोळ्यांत, खरचटलेल्या कोपरावर. शंका रास्त होती.

यादी ५३ वर गेली आणि वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य खात्याने तपास केला. २०१७ च्या जानेवारीत अहवाल आला. ६ ते २४ वयाच्या फुटबॉलपटूंमध्ये २००२ ते २०१५ या काळात, सर्वसाधारण प्रमाण धरलं तर, कॅन्सरचे १,३८४ रुग्ण अपेक्षित होते. यादीतले या व्याख्येत बसणारे निघाले २८. म्हणजे फुटबॉलने कॅन्सर टळतो का? अर्थातच नाही. ती यादी तोंडोतोंडी जमलेली, ती पूर्ण असणं शक्यच नव्हतं. या आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं की यादीत काही अचाट घडल्याचं दिसत नाही. दाणे निर्दोष आहेत हे त्यातून सिद्ध होत नाही, आणि अहवालाचा तसा दावाही नव्हता. मुलांनी खेळत राहावं, असा खात्याचा सल्ला होता. मला दोन्ही बाजूंचं पटतं. पेपरात मात्र कुणी एक वाक्य उचललं, कुणी दुसरं.

हॉलंडची गोष्ट मला जास्त आवडली, कारण ती शुद्ध स्पेसिफिकेशनची आहे. तिथे झेम्बला या टीव्ही कार्यक्रमाने ऑक्टोबर २०१६ मध्ये हाच विषय घेतला आणि काही क्लबांनी सामने रद्द केले. सरकारी आरोग्यसंस्थेने १०० मैदानांवरचे दाणे तपासून डिसेंबरात सांगितलं, धोका नगण्य, खेळा. पण कायद्यातली एक गंमत तेव्हा सगळ्यांच्या नजरेला आली. टायरच्या रबरात पीएएच नावाची रसायनं असतात, त्यातली काही कॅन्सरकारक. युरोपच्या नियमानुसार ग्राहकाच्या हाती येणाऱ्या वस्तूत, उदाहरणार्थ रॅकेटच्या मुठीत, अशा आठांपैकी प्रत्येकाची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम. दाणे मात्र कायद्याने 'वस्तू' नव्हतेच, ते 'मिश्रण'. मिश्रणाची मर्यादा? दोन रसायनांना १०० आणि उरलेल्या सहांना १,००० मिलिग्रॅम! तेच रबर, तोच हात, फक्त व्हेरिएबलचा टाइप वेगळा. प्रत्यक्षातले बहुतेक दाणे या मर्यादेच्या खूप खाली होते हे खरं, पण ते नियमामुळे नव्हे, योगायोगाने. शेवटी २०२१ मध्ये नियम बदलला: आठही मिळून २० मिलिग्रॅम, ऑगस्ट २०२२ पासून लागू.

अमेरिकेत तीन केंद्रीय संस्थांनी २०१६ मध्ये अभ्यास हाती घेतला. त्याचे अहवाल आले २०१९ आणि २०२४ मध्ये. दाण्यांत रसायनं आहेत, पण हवेत किंवा शरीरातल्या द्रवांत ती फार थोडी सुटतात, असा त्याचा सारांश. आणि हे धोक्याचं मूल्यमापन नाही, ही तळटीपही सोबत. आठ वर्षं थांबलेल्या आईबापांनी यावर काय म्हणायचं?

या सगळ्यात सगळे माणसाच्या शरीरात शोधत होते, आणि टायरमधलं एक विष सापडलं माशांत. तेही इथेच. सिॲटलच्या ओढ्यांत पाऊस पडला की अंडी घालायला आलेले कोहो साल्मन तडफडून मरायचे. डिसेंबर २०२० मध्ये संशोधकांनी कारण छापलं: टायरला भेगा पडू नयेत म्हणून घालतात त्या सिक्स-पीपीडी या रसायनाचं ओझोनशी संयोग होऊन विष बनतं. ते मुख्यतः रस्त्यावर झिजणाऱ्या टायरांतून येतं, पण दाणे त्याच टायरांचे.

युरोपने अखेर या दाण्यांवर बंदी घातली, सप्टेंबर २०२३ मध्ये. कारण कॅन्सर नव्हे. मुद्दाम वापरल्या जाणाऱ्या मायक्रोप्लॅस्टिकमध्ये निसर्गात सर्वांत जास्त मिसळतात ते हेच दाणे, म्हणून. ऑक्टोबर २०३१ पासून ते विकता येणार नाहीत. आहे त्या मैदानावर खेळायला हरकत नाही, पण दरवर्षी कमी होणारे दाणे भरून काढायला नवे मिळणार नाहीत. तोवर बूच, नारळाचा काथ्या, ऑलिव्हच्या बिया असले पर्याय आजमावणं चालू आहे. काथ्याला अधूनमधून पाणी घालावं लागतं म्हणे. इथल्या पिरपिरीत त्याची तरी चिंता नाही.