इजिमे : एका सरकारी व्याख्येचा इतिहास

१/ नोव्हेंबर १९८५. टोकियोच्या नाकानो भागातील एका शाळेत आठवीच्या मुलांनी आपल्याच एका वर्गमित्राचा खोटा अंत्यविधी मांडला. त्याच्या बाकावर फुले आणि सह्या केलेला शोकसंदेश ठेवला. त्या सह्यांमध्ये चार शिक्षकांच्याही सह्या होत्या. शिक्षकांना ती थट्टा वाटली होती.

२/ फेब्रुवारी १९८६ मध्ये त्या तेरा वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. जपान हादरला. थट्टा कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न तेव्हापासून तेथील शिक्षणव्यवस्थेसमोर उभा आहे.

३/ जपानीत या छळाला ‘इजिमे’ म्हणतात. शब्द जुना, सरकारी व्याख्या मात्र त्याच दशकातली. शिक्षण मंत्रालयाच्या लेखी छळ म्हणजे दुबळ्यावर एकतर्फी, सातत्याने केलेला आणि तीव्र वेदना देणारा हल्ला. शिवाय तो घडल्याची खात्री शाळेने केलेली असली पाहिजे.

४/ ही शेवटची अट निर्णायक होती. जे शाळेला दिसले नाही, ते कागदोपत्री घडलेच नाही.

५/ ते दिसणे अवघड का असते? समाजशास्त्रज्ञ मोरिता योजी यांनी १९८६ मध्ये वर्गाची चार स्तरांत मांडणी केली : पीडित, छळ करणारे, हसून साथ देणारे आणि गप्प राहणारे. दुरून पाहणाऱ्याला हा सारा मित्रांचाच घोळका वाटतो. त्यात पीडितही अनेकदा हसत असतो.

६/ न्यायालयांचेही एकमत नव्हते. १९९१ मध्ये जिल्हा न्यायालयाने तो खोटा अंत्यविधी छळ मानला नाही. १९९४ मध्ये टोकियो उच्च न्यायालयाने मानला. घटना तीच, पुरावे तेच. बदलली ती पाहणाऱ्याची नजर.

७/ त्याच वर्षाअखेरीस आइची प्रांतात आणखी एका मुलाने जीव दिला. मंत्रालयाने शाळेच्या खात्रीची अट काढली आणि निर्णय पीडिताच्या बाजूने पाहून करावा, असे सांगितले. नोंदी सुमारे २१ हजारांवरून ५६ हजारांवर गेल्या.

८/ तरीही १९९९ ते २००५ या सात वर्षांत छळामुळे झालेल्या आत्महत्यांचा सरकारी आकडा शून्य होता. २००५ मध्ये होक्काइदोतील सहावीच्या एका मुलीने चिठ्ठी लिहून ठेवली होती. स्थानिक शिक्षण मंडळाने त्या चिठ्ठीतील मजकूर म्हणजे छळाची तक्रार आहे, हे २००६ च्या ऑक्टोबरपर्यंत मान्य केले नाही.

९/ २००६ मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. ‘एकतर्फी’, ‘सातत्याने’, ‘तीव्र’ हे तिन्ही शब्द गळले. आकडेवारीचे नावही बदलले : ‘घडलेली प्रकरणे’ ऐवजी ‘ओळखलेली प्रकरणे’. मोजणाऱ्याच्या नजरेलाही मर्यादा असते, याची ही सरकारी कबुलीच होती.

१०/ एका वर्षात नोंदी सुमारे २० हजारांवरून सव्वा लाखाच्या घरात गेल्या. खासगी शाळाही तेव्हाच मोजणीत आल्या. पण वाढीचे मुख्य कारण नवी व्याख्या हेच होते. मुले वर्षभरात सहापट क्रूर झाली नव्हती.

११/ २०११ मध्ये ओत्सु शहरात पुन्हा एक तेरा वर्षांचा मुलगा गेला. २०१३ मध्ये छळप्रतिबंधक कायदा आला. त्यानुसार मुलाला शारीरिक वा मानसिक वेदना झाली, तर तो छळ, इंटरनेटवरील कृत्यांसह. जीव, शरीर वा शिक्षण धोक्यात आणणाऱ्या ‘गंभीर घटनां’ची चौकशी बंधनकारक झाली.

१२/ व्यापक व्याख्येचीही किंमत असते. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात ७ लाख ३० हजारांहून अधिक नोंदी झाल्या. त्यांत किरकोळ भांडणे आहेत आणि जीवघेणी प्रकरणेही. त्या ढिगाऱ्यातून धोका वेळेत हेरायचे काम शेवटी वर्गशिक्षकाकडेच येते.

१३/ म्हणून असे आकडे वाचताना आधी व्याख्या वाचावी. जेथे छळाची नोंद शून्य आहे, त्या शाळेत तो नाही, असे म्हणता येत नाही. कदाचित तेथे कोणी विचारलेच नसेल. आणि जपानमध्ये व्याख्येतील जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीआधी एखादे मूल गेलेले होते.