जुन्या गोव्यातील शवप्रदर्शनाची मिरवणूक : सत्ता, संशय आणि लोकश्रद्धा

प्रस्तावना

धार्मिक मिरवणूक हा केवळ श्रद्धेचा विषय मानून राजकीय इतिहासाचा अभ्यासक तिच्याकडे बहुधा दुर्लक्ष करतो. वस्तुतः कोणत्या काळी, कोणाच्या आज्ञेने आणि कोणत्या हेतूने मिरवणूक निघाली, हे पाहिले असता ती इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरते. जुन्या गोव्यात साधारणतः दर दहा वर्षांनी सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष बॉम जीझस बासिलिकेतून नजीकच्या से कॅथेड्रलमध्ये मिरवणुकीने नेले जातात. गोव्यातील मराठी वृत्तपत्रे या सोहळ्यास 'शवप्रदर्शन' म्हणतात. प्रस्तुत लेखात या मिरवणुकीचा सत्तेशी असलेला संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

अवशेषांचे आगमन

आफोन्सो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, गोवा शहर जिंकले. से कॅथेड्रल त्यामुळेच तिच्या नावाने उभे आहे. परंतु लोकमानसातील संरक्षकाचे स्थान पुढे झेवियर यांना मिळाले. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांच्यान बेटावर त्यांचे निधन झाले. त्यांचा देह मलाक्कामार्गे १६ मार्च १५५४ रोजी गोव्यात आणण्यात आला व विजरईच्या उपस्थितीत मिरवणुकीने सेंट पॉल कॉलेजच्या चर्चमध्ये नेण्यात आला. १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपराखालील भाग रोमला पाठविण्यात आला. १६२२ मध्ये झेवियर यांना संतपद मिळाले आणि १६२४ मध्ये देह बॉम जीझसमध्ये हलविला गेला. १६३७ च्या सुमारास पूर्ण झालेली चांदीची पेटी गोव्यातील कारागिरांनी घडविली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

राजदंड आणि समाधी

मराठ्यांच्या इतिहासाशी या अवशेषांचा थेट संबंध १६८३ मध्ये आला. विजरई काउंट द आल्व्होर यास फोंड्याच्या किल्ल्यापुढून माघार घ्यावी लागली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये संभाजीराजांच्या सैन्याने राजधानीलगतचे जुवे बेट घेतले. या धामधुमीत विजरईने शवपेटी उघडवून आपला राजदंड संताच्या चरणी ठेवला व राज्याचे रक्षण त्याच्यावर सोपविले, अशी परंपरा आहे. औरंगजेबाचा पुत्र शाहआलम मोठ्या फौजेनिशी कोकणात उतरत असल्याने मराठ्यांना मागे वळावे लागले. इतिहासकारास येथे मुघल फौजेची हालचाल दिसते, तर शहरवासीयांनी या सुटकेचे श्रेय संतास दिले. पोर्तुगीज सत्तेसही हे श्रेय सोयीचे होते. दुर्बल झालेल्या राज्यकर्त्यास आता एक अजिंक्य अधिपती लाभला होता.

संशयाचे निवारण

१७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून जेझुइटांची हकालपट्टी झाली. जाताना त्यांनी संताचा देह पळविला, अशी कुजबुज गोव्यात पसरली. तिला उत्तर म्हणून १० ते १२ फेब्रुवारी १७८२ या तीन दिवसांत देह सर्वांच्या दर्शनासाठी खुला करण्यात आला. सार्वजनिक शवप्रदर्शनाची परंपरा येथून सुरू झाली. शासनास पुरावा द्यावयाचा होता आणि लोकांच्या डोळ्यांसमोर देह आणणे, हाच तो पुरावा होता.

यानंतरचे शवप्रदर्शन १८५९ मध्ये झाले. तोवर शहरच उरले नव्हते. रोगराईमुळे वस्ती उठली होती, १८३५ मध्ये धर्मसंघ बंद झाले होते आणि १८४३ मध्ये पणजीस अधिकृतपणे राजधानीचा दर्जा मिळाला होता. ओसाड पडलेली राजधानी मिरवणुकीपुरती पुन्हा माणसांनी भरू लागली.

१९५२ चे शवप्रदर्शन हे संताच्या निधनास चारशे वर्षे झाल्याचे निमित्त होते. तथापि आदल्याच वर्षी सालाझार राजवटीने घटनादुरुस्ती करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' ठरविले होते. स्वतंत्र भारत गोव्याची मागणी करीत असताना हा सोहळा पोर्तुगीज अस्तित्वाचे प्रदर्शनही ठरला.

सत्तांतरानंतर

मिरवणूक केवळ सत्तेची निर्मिती असती, तर १९६१ मध्ये पोर्तुगीज राजवटीसोबत तीही संपली असती. प्रत्यक्षात १९६४ मध्ये, भारतीय प्रशासनाखाली, शवप्रदर्शन झालेच. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात अठरावे शवप्रदर्शन पार पडले. दर्शनास येणाऱ्यांत हिंदू भाविकही असतात. 'गोंयचो सायब' या कोकणी संबोधनात साहेबपणाचा मान आहे, पण तो परक्या विजरईला नव्हे, घरच्या वडीलधाऱ्यास द्यावा तसा आहे.

या आपलेपणामुळे दुसरी बाजू झाकली जाऊ नये. झेवियर यांनीच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन स्थापण्याची विनंती केली होती. ते न्यायपीठ त्यांच्या निधनानंतर, १५६० मध्ये, स्थापन झाले व मध्यंतरीचा अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. त्याच्या जाचाची स्मृती गोव्याच्या समाजात आजही जागी आहे. भाविकाचा 'सायब' आणि त्या पत्राचा लेखक ही एकच व्यक्ती आहे. यांपैकी एकच बाजू स्वीकारणे वादासाठी सोपे असले, तरी इतिहासलेखनास ते मान्य होण्यासारखे नाही.

निष्कर्ष

१६८३ मध्ये पराभवाचे भय, १७८२ मध्ये लोकांचा अविश्वास, १९५२ मध्ये राज्य गमावण्याची चिंता : सत्ता डळमळीत असताना तिने या देहाचा आश्रय घेतला, असे दिसते. मात्र संशय मिटविण्यासाठी देह एकदा लोकांसमोर आणल्यावर दर्शनाचा हक्क लोकांचा झाला. सत्ताधीश गेले, शहर ओस पडले, पण तो हक्क टिकला. सत्तेने उभारलेल्या प्रतीकाचा अर्थ अखेरीस लोक ठरवितात, ही बाब या मिरवणुकीच्या अभ्यासातून स्पष्ट होते.